सहा प्रवासी आणि एक मेहुणा

समुद्रावर नौका हाकण्याचे कौशल्य आणि नौका हाकून पैसे घेण्याचा अधिकार या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत, आणि अमेरिकेच्या कायद्याला यांपैकी पहिल्या गोष्टीबद्दल फारशी उत्सुकता नाही. एखाद्या गृहस्थाने निवृत्तीच्या पैशांतून तीस फुटी मोटारनौका विकत घेतली आणि तीत बायको, मुले, शेजारी व शेजाऱ्याचा कुत्रा यांना बसवून तो अटलांटिक महासागराच्या दिशेने निघाला, तर संघराज्य शासन त्याच्याकडे कप्तानाचा परवाना मागत नाही. काही राज्ये सुरक्षेचा छोटासा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे कार्ड पाहू इच्छितात, इतकेच. मात्र त्याच शेजाऱ्याने आधी ठरल्याप्रमाणे शंभर डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवले, की तो गृहस्थ व्यावसायिक नौचालक ठरतो आणि तटरक्षक दलाचा परवाना जवळ नसल्यास दंडासही पात्र होतो. लाटा, वारा आणि कुत्रा पूर्वीचेच असतात, शेजारी मात्र आता शेजारी राहिलेला नसून कायद्याच्या परिभाषेत 'भाड्याचा प्रवासी' झालेला असतो. या परवान्याची सारी गंमत, आणि सारी कटकट, या एका रूपांतरात साठवलेली आहे.

परवान्याचे अधिकृत नाव 'अनिरीक्षित प्रवासी नौकांचा चालक' अशा अर्थाचे असून ते ज्या विद्वानाने ठेवले त्याने आयुष्यात कधी काही विकलेले नसावे. 'अनिरीक्षित' म्हणजे जिची बांधणी, इंजिन, पाणी उपसण्याची व्यवस्था इत्यादींची प्रवासी नौका म्हणून रीतसर शासकीय तपासणी झालेली नाही अशी नौका; तेव्हा परवानाधारकाने गिऱ्हाइकापुढे अभिमानाने धरायचा कागद आपली नौका कोणी तपासलेली नाही हेच ठळक अक्षरांत सांगत असतो. सुदैवाने हे नाव कोणी उच्चारत नाही. एका फेरीत जास्तीत जास्त सहा प्रवासी नेण्याची मुभा असल्यामुळे बंदरोबंदरी तो 'सिक्स-पॅक' म्हणून ओळखला जातो, आणि हे नाव मूळचे बिअरच्या सहा डब्यांच्या जुडीचे आहे. मराठी वाचकाला हा शब्द हिंदी चित्रपटांतील नायकांच्या पोटावरून परिचित असल्यामुळे खुलासा करणे भाग आहे, की मासेमारीच्या फेऱ्या करणाऱ्या सर्वसाधारण अमेरिकी कप्तानाच्या पोटाकडे पाहिल्यावर या नावाचा पहिला अर्थ आठवतो, दुसरा नव्हे. नौका शंभर टनांहून लहान असावी लागते, परंतु हे टनही वजनाचे नसून नौकेतील बंदिस्त जागेचे आहेत. शंभर घनफूट म्हणजे एक टन असा हा हिशेब असून जहाजात मद्याची किती पिंपे मावतात हे मोजण्याच्या मध्ययुगीन पद्धतीतून तो उतरलेला आहे. ज्या परवान्याचे नाव बिअरवरून आणि माप मद्यावरून आले, तो मिळवण्यासाठी उमेदवाराला मादक पदार्थांची चाचणी द्यावी लागते, हा केवळ योगायोग मानावा.

भाड्याचा प्रवासी कोणाला म्हणावे, हा या शास्त्रातील सर्वांत सूक्ष्म प्रश्न आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार नौकेत प्रवेश देण्याची अट म्हणून ज्याच्याकडून 'मोबदला' येतो तो भाड्याचा प्रवासी, मग तो मोबदला मालकाला थेट पोहोचो वा आडवळणाने. आणि मोबदला म्हणजे केवळ रोख रक्कम नव्हे, तर कोणताही आर्थिक लाभ, आमिष, हक्क किंवा नफा. मात्र प्रवासाचा प्रत्यक्ष खर्च स्वेच्छेने वाटून घेणे, त्यासाठी पैसे देणे किंवा इंधन, अन्न, पेये अशा वस्तू आणणे, हा मोबदला समजला जात नाही. मराठी मध्यमवर्गात 'टीटीएमएम', म्हणजे 'तुझे तू, माझे मी', या नावाने जी अर्थव्यवस्था महाविद्यालयीन वयापासून अंगवळणी पडते, तिला अमेरिकेच्या संसदेने १९९३ च्या प्रवासी नौका सुरक्षा कायद्यात दिलेली ही अधिकृत मान्यताच होय. पेट्रोलचे जेवढे झाले तेवढे सहा जणांत वाटले तर ती मैत्री. त्यावर नौकेची झीज, धक्क्याचे भाडे आणि मालकाची मेहनत यांसाठी काही डॉलर चढवले तर तो व्यवसाय. सँडविच आणणारा मित्र मित्रच राहतो, परंतु 'सँडविच आणशील तरच बसवीन' असे मालकाने म्हटले, तर त्या सँडविचचे कायदेशीर स्वरूप बदलण्याची शक्यता निर्माण होते. 'स्वेच्छेने' या शब्दाचा खरा कस येथे लागतो, आणि गणेशोत्सवाची ऐच्छिक वर्गणी ज्यांनी दारात उभ्या असलेल्या आठ कार्यकर्त्यांच्या साक्षीने दिलेली आहे, अशा वाचकांना हा कस अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

या व्याख्येच्या फटीतून जेवढे पाणी आत येते तेवढे कोणत्याही नौकेच्या तळातून येत नसेल. मायामीसारख्या शहरांत विनापरवाना फेऱ्या करणारे चालक उपस्थितांना निघण्यापूर्वी पढवून ठेवतात, की तटरक्षक दलाचे अधिकारी नौकेवर चढले तर 'आम्ही सगळे मित्र आहोत' असे सांगावे. अधिकारी चढतात आणि त्या मित्रांना त्यांच्या जिवलग मित्राचे आडनाव विचारतात. अधिक चतुर चालक 'रिकाम्या नौकेचे भाडे' या जुन्या पद्धतीचा आश्रय घेतात. या पद्धतीत नौका चालकाविना भाड्याने दिली जाते, भाडेकरू तेवढ्या काळापुरता जणू तिचा मालक होतो आणि कप्तान त्याने स्वतःच्या मर्जीने निवडायचा असतो. प्रत्यक्षात मात्र निवडीसाठी एकच कप्तान धक्क्यावर उभा असतो व तो बहुधा मालकच असतो. हेमिंग्वेच्या 'टु हॅव अँड हॅव नॉट' या १९३७ सालच्या कादंबरीत हॅरी मॉर्गन नावाच्या नौचालकाला जॉन्सन नावाचे गिऱ्हाईक कित्येक दिवसांचे भाडे न देता, वर त्याचे मासेमारीचे साहित्य घालवून, विमानाने पसार होते. समीक्षकांनी या प्रसंगात मंदीच्या काळातील माणसाची कोंडी पाहिली आहे; नौकानयनाच्या विद्यार्थ्याला मात्र प्रथम हाच प्रश्न पडतो, की ज्याने पैसे कबूल केले पण दिले नाहीत तो जॉन्सन भाड्याचा प्रवासी होता की पाहुणा.

परवान्याची ही पद्धत एकाएकी अवतरलेली नाही. वाफेच्या नौकांचे बाष्पक फुटून माणसे मरू लागल्यावर १८५२ च्या कायद्याने सुकाणूवाले व इंजिनचालक यांना परवाने सक्तीचे केले आणि १८७१ मध्ये ही सक्ती कप्तानांपर्यंत पोहोचली. म्हणजे जहाजाचा सर्वोच्च अधिकारी हा परवाना लागणाऱ्यांत बराच मागून आला. मिसिसिपी नदीवर सुकाणू धरण्याचा परवाना ९ एप्रिल १८५९ रोजी सॅम्युएल क्लेमेन्स नावाच्या तरुणाला मिळाला, तो पुढे पाण्याची खोली पुकारण्याच्या आरोळीवरून मार्क ट्वेन या नावाने लिहू लागला, आणि विनोदी लेखकाने आधी एखादा जबाबदारीचा परवाना मिळवलेला असावा अशी अट घालण्याचा विचार त्यावरून कोणाच्या मनात आला नाही, हे मराठी साहित्याच्या दृष्टीने बरेच झाले. भाडे घेऊन माणसे नेणाऱ्या मोटारनौकेचा चालक परवानाधारक हवा, हे १९४० च्या मोटारनौका कायद्याने ठरवले.

सहा या आकड्यामागे मात्र विनोद नाही. १ सप्टेंबर १९५१ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मॉन्टॉक येथून 'पेलिकन' नावाची बेचाळीस फुटी मासेमारी नौका चौसष्ट माणसे घेऊन निघाली, परतताना बिघडलेल्या हवेत, एक इंजिन बंद पडलेले असताना ती उलटली, आणि पंचेचाळीस जण मरण पावले. कप्तानही त्यांत होता. इतक्या लहान पेट्रोल-नौकांची तपासणी करण्याची किंवा त्यांतील माणसे मोजण्याची तरतूद तेव्हा कायद्यात नव्हती. १९५६ च्या कायद्याने सहाहून अधिक प्रवासी नेणाऱ्या नौकांना तपासणी सक्तीची केली. ज्या किनाऱ्यावर १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट सहाशेहून अधिक माणसांसह बुडाली, तेथील वाचकाला डोकी मोजण्याच्या या आग्रहाचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. पुढील पृष्ठांत सहाच्या आकड्याची जी थट्टा येईल, ती हे स्मरणात ठेवूनच वाचावी.

अर्ज करणाऱ्याचे वय अठरा पूर्ण असावे आणि त्याने आयुष्यात किमान ३६० दिवस पाण्यावर काढलेले असावेत, त्यांपैकी ९० दिवस गेल्या तीन वर्षांतील असावेत, आणि किनाऱ्यापासून शंभर मैलांपर्यंत जाण्याची मुभा हवी असेल तर ९० दिवस खुल्या सागरी पाण्यातील असावेत, अशी अट आहे. या दिवसांना 'सागरी सेवा' असे भारदस्त नाव आहे. सेवा म्हटली की डोळ्यांपुढे गणवेश येतो, परंतु तळ्यात गळ टाकून बसणे हीदेखील सेवाच धरली जाते, मात्र नौका चालती असली पाहिजे आणि धक्क्याला बांधून केलेल्या सेवेला, तीत कितीही डबे रिकामे झाले असले तरी, किंमत नाही. सागरी सेवेची नोंद करण्यासाठी एक अर्जनमुना असतो, त्यात प्रत्येक नौकेसाठी स्वतंत्र पान आणि प्रत्येक वर्षाच्या बारा महिन्यांचे चौकोन असतात, आणि दर महिन्यात किती दिवस पाण्यावर होता ते तेथे भरायचे असते. नौका दुसऱ्याची असेल तर त्या मालकाची सही लागते. स्वतःची असेल तर उमेदवार स्वतःच स्वतःचा साक्षीदार होतो, फक्त मालकीचा पुरावा जोडावा लागतो.

पन्नाशीतील सद्गृहस्थाने गेल्या तीस वर्षांतील शनिवार-रविवार महिनावार आठवून लिहिणे हा आत्मचरित्राचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून अभ्यासण्याजोगा आहे. सामान्य आत्मचरित्रकार आपल्या चुका लपवतो, हा लेखक आपली सुट्टी मोठी करून सांगतो. जुलैत अठरा दिवस लिहिल्यावर त्याला आठवते की त्या जुलैत मुलीचे लग्न होते. ऑगस्टमध्ये वीस लिहिल्यावर बायको शेजारून विचारते की मग छपराची दुरुस्ती कोणी केली. मिशिगनच्या तळ्यांवर नौका चालवणारा उमेदवार उत्साहाच्या भरात जानेवारीच्या चौकोनात पंधरा हा आकडा लिहितो, तेव्हा त्या महिन्यात तळे गोठलेले असते आणि तेथे लोक मोटारी नेऊन मासे धरतात, हे त्याच्या लक्षात उशिरा येते, परीक्षकाच्या लक्षात मात्र लगेच येते.

'दिवस' म्हणजे किती, हाही प्रश्न शास्त्राने सोडवलेला आहे. मोठ्या जहाजावर दिवस आठ तासांचा धरतात, शंभर टनांखालील नौकांवर चार तासांची फेरीही एक दिवस मानली जाते, परंतु एका दिवशी चार-चार तासांच्या दोन फेऱ्या केल्या तरी दिवस एकच. या नियमाची कसोटी 'गिलिगन्स आयलंड' या १९६४ ते १९६७ दरम्यान अमेरिकी दूरचित्रवाणीवर चाललेल्या विनोदी मालिकेला लावून पाहणे उद्बोधक ठरते. त्या मालिकेत 'मिनो' नावाची पर्यटन-नौका तीन तासांच्या सहलीला निघते, वादळात सापडते आणि सर्व जण एका निर्जन बेटावर अडकतात. लक्षाधीश, त्याची पत्नी, चित्रपटतारका, प्राध्यापक आणि शेतावर वाढलेली एक मुलगी असे प्रवासी पाचच असल्यामुळे त्या कप्तानाला 'सिक्स-पॅक' पुरेसा होता आणि प्रवाशांच्या संख्येबाबत त्याला दोष देता येत नाही. परंतु सहल तीन तासांची असल्याने ठरल्याप्रमाणे पार पडली असती, तर ती एक दिवसाची सागरी सेवा म्हणून धरली गेली नसती. म्हणजे वादळ झाल्यामुळेच गिलिगन या खलाशाच्या खात्यात एक दिवस जमा होण्याची आशा निर्माण झाली. बेटावरील पुढचे सर्व भाग अर्थातच जमिनीवर काढलेले असल्याने बाद होतात.

सागरी सेवेचा हा ग्रंथ, वैद्यकीय तपासणी, मादक पदार्थांची चाचणी, प्रथमोपचार व हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे प्रमाणपत्र, बोटांचे ठसे आणि शपथ हे सर्व जमवून ज्या राष्ट्रीय सागरी केंद्राकडे पाठवायचे असते, ते वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील मार्टिन्सबर्ग या गावी आहे. वेस्ट व्हर्जिनिया हे डोंगराळ राज्य असून त्याला समुद्रकिनारा नाही. देशातील प्रत्येक कप्तान खरा की खोटा हे ठरवणारी संस्था लाटांच्या आवाजापासून इतकी दूर बसवण्यात प्रशासकीय शहाणपण असावे, कारण खिडकीतून समुद्र दिसला असता तर अर्ज तपासणारे कर्मचारी चार वाजताच सागरी सेवेला निघून गेले असते. वैद्यकीय तपासणीत एका तरी डोळ्याने चष्मा लावून ठराविक अंतरावरचे वाचता यावे लागते आणि रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळांत लपलेले आकडे ओळखावे लागतात, कारण रात्री समोरच्या नौकेची डावी बाजू लाल दिव्याने आणि उजवी हिरव्या दिव्याने कळते, आणि ज्याला दोन्ही सारखेच दिसतात त्याला ती येते आहे की जाते आहे हेही कळत नाही. मादक पदार्थांच्या चाचणीत गांजाचाही समावेश असतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत तो दुकानातून उघडपणे विकत घेता येतो, परंतु परवाना राज्याचा नसून संघराज्याचा आहे, हे सांगून अनेक उमेदवारांची सागरी कारकीर्द धक्क्यावरच संपवली जाते.

या सर्व व्यवस्थेत परदेशी माणसाविषयी एक तरतूद आहे, आणि न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी अभियंत्याने निवृत्तीनंतर काय करावे या प्रश्नाशी तिचा संबंध असल्यामुळे ती नोंदवणे योग्य होईल. अमेरिकेत कप्तानाचे इतर परवाने नागरिकांनाच मिळतात. 'सिक्स-पॅक' मात्र कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीलाही मिळू शकतो, फक्त त्याने संघराज्याच्या दप्तरी नोंदलेली नौका चालवायची नाही, म्हणजे पाच टनांखालील, राज्यात नोंदलेली नौकाच त्याच्या वाट्याला येते. इंग्रजीत अशा नौकेला जे विशेषण लावतात त्याचा शब्दशः अर्थ 'कागदपत्रे नसलेली' असा होतो, आणि ज्या देशात हे विशेषण एरवी माणसांना लावून त्यांच्यामागे अधिकारी धाडले जातात, तेथे सर्व कागदपत्रे जवळ असलेल्या परदेशी माणसाला कागदपत्रे नसलेली नौका देण्यात येते.

परीक्षा लेखी आणि पर्यायी उत्तरांची असते, आणि तिचा कणा म्हणजे सागरी वाहतुकीचे नियम. १९७२ साली ठरलेले व १९७७ पासून अमलात आलेले हे आंतरराष्ट्रीय नियम मालवणच्या समुद्रात आणि मायामीच्या समुद्रात एकच आहेत, आणि त्यांच्या प्रश्नपत्रिकेत उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात नव्वद गुण लागतात, जे पाहून मराठी पालकाला प्रथमच एखादी अमेरिकी परीक्षा आपल्यातली वाटेल. यात दिव्यांचे प्रकरण मोठे आहे. उभ्या रेषेत वर लाल व खाली पांढरा दिवा म्हणजे मासेमारी करणारी नौका, वर हिरवा व खाली पांढरा म्हणजे मासेमारीचीच, पण पाण्यातून जाळे ओढत नेणारी, वर पांढरा व खाली लाल म्हणजे बंदराचा वाटाड्या, आणि लालवर लाल म्हणजे 'ताब्यात नसलेली' नौका. या शेवटच्या संज्ञेचा अर्थ कप्तान दारू पिऊन पडला आहे असा नसून, काही असाधारण कारणामुळे नौकेला नियमांप्रमाणे दुसऱ्याला वाट देणे शक्य नाही, असा आहे. कप्तान पिऊन पडला असेल तर बहुधा दिवे लावायला कोणी उरत नाही.

भोंग्याचे प्रकरण त्याहून रम्य आहे. आंतरराष्ट्रीय पाण्यात एक लहान भोंगा, म्हणजे सुमारे एक सेकंदाचा, वाजवला तर त्याचा अर्थ 'मी उजवीकडे वळत आहे' असा होतो. ते निवेदन आहे व त्यावर चर्चा नाही. अमेरिकेच्या अंतर्गत पाण्यात हाच भोंगा प्रस्ताव ठरतो, समोरच्याने तसाच भोंगा वाजवून संमती द्यायची असते, आणि संमती नसेल किंवा काही कळत नसेल तर किमान पाच भोंगे वाजवून आपल्या मनातील संशय व्यक्त करायचा असतो. या दोन राज्यपद्धतींमधील सीमा सागरी नकाशावर जांभळट तुटक रेषेने दाखवलेली असते. तिच्या एका बाजूला हुकूमशाही आहे, दुसऱ्या बाजूला लोकशाही, आणि पाण्यात ती रेषा दिसत नाही. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही पद्धती एकाच वेळी प्रचलित असल्यामुळे तेथील वाहनचालकाला या विभागात विशेष अडचण येऊ नये, मात्र दाट धुक्यात नांगर टाकून थांबलेल्या नौकेने दर मिनिटाला पाच सेकंद घंटा वाजवावी, या नियमाशी त्याला जुळवून घ्यावे लागेल. थांबलेल्यानेही आवाज करायचा असतो, ही कल्पना त्याला पटेल. मोजून पाच सेकंदच, ही पटणार नाही.

नकाशाच्या पेपरात उमेदवाराला काल्पनिक नौका खऱ्या नकाशावर चालवावी लागते. अनेक वर्गांत त्यासाठी मार्थाज व्हिनयार्ड ते ब्लॉक आयलंड या उत्तर अटलांटिक पट्ट्याचा १२१० क्रमांकाचा प्रशिक्षण-नकाशा वापरला जातो, त्यामुळे फ्लोरिडात जन्मून फ्लोरिडातच मासे धरणाऱ्या माणसालाही ब्लॉक आयलंडचे दीपगृह पाठ होते, जेथे तो उभ्या आयुष्यात जाणार नसतो. होकायंत्र दाखवते ती उत्तर खरी उत्तर नसते: पृथ्वीच्या चुंबकामुळे पडणाऱ्या फरकाला दिक्पात म्हणतात, आणि नौकेतील लोखंड, इंजिन व सुकाणूशेजारी ठेवलेला ध्वनिवर्धक यांमुळे पडणाऱ्या फरकाला विचलन. हे दोन्ही फरक कोणत्या क्रमाने मिळवायचे व कधी वजा करायचे, याची गणिते करताना हिशेबनीस म्हणून तीस वर्षे काढलेले गृहस्थही नौकेला कागदावर सरळ वाळूत नेऊन रुतवतात आणि शांतपणे तिसरा पर्याय निवडतात, कारण तो पर्यायही छापलेला असतो. प्रश्न घडवणाऱ्याला कोण कोठे चुकणार हे आधीच माहीत असते, हा या परीक्षेचा क्रूर भाग.

इतके सर्व करून जी एक गोष्ट या परीक्षेत विचारलीच जात नाही ती म्हणजे नौका चालवून दाखवणे. धक्क्याला नौका लावणे, जी या व्यवसायातील सर्वांत अवघड आणि सर्वांत सार्वजनिक कृती आहे, ती कोणाही शासकीय परीक्षकासमोर करावी लागत नाही. आडवा वारा असताना नौका धक्क्याला न घासता आणायची परीक्षा धक्क्यावर खुर्च्या टाकून बसलेले निवृत्त लोक घेतात, आणि तिचे गुण मोठ्याने जाहीर केले जातात. मराठी किनाऱ्यावर तांडेल आणि सारंग ही पदे माणसाला आयुष्यभर पाण्यात राहिल्यावर चिकटत. १९१७ च्या अंतर्देशीय जलवाहन कायद्यात सारंगासाठीही प्रमाणपत्र होते. परंतु कोळीवाड्यात पोराने सुकाणू नीट धरले की नाही याचा निकाल प्रमाणपत्राच्या आधी लागलेला असतो, हे दोन्ही किनाऱ्यांवर सारखेच.

परवाना हाती आल्यावर दंतवैद्य, विमा विक्रेता किंवा शाळामास्तर यांच्या नावामागे 'कॅप्टन' हे पद लागते. मराठीत हे पद सैन्यात किंवा क्रिकेटच्या संघात मिळत असल्यामुळे त्याचे येथे काय कौतुक करावे हे कळत नाही, पण फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ते पत्रपेटीवर, टोपीवर आणि मोटारीच्या पाटीवर एकाच आठवड्यात झळकते. प्रत्यक्ष व्यवसायात लालवर लाल दिव्यांचे ज्ञान वर्षानुवर्षे पडून राहते आणि परीक्षेत कोठेही नसलेले विषय रोज समोर येतात: गळाला आमिष लावणे, गुंतलेल्या दोऱ्या सोडवणे, मासा न लागल्याचे वैज्ञानिक कारण देणे, नौकेवरील छोट्या शौचकूपात काय टाकू नये हे सभ्य शब्दांत सांगणे, आणि समुद्राच्या हालचालीने मळमळू लागलेल्या माणसाला वाऱ्याच्या उलट बाजूला नेऊन उभे करणे. कोकणच्या बोटींच्या काळापासून मराठीत या व्याधीला 'बोट लागणे' असे म्हणतात, आणि इंग्रजी शब्दाने समुद्राला दिलेला दोष मराठीने नौकेला दिला आहे, हे चालकाच्या दृष्टीने अन्यायकारक असले तरी गिऱ्हाइकाच्या भावनांना धरून आहे.

स्वतःची एकच नौका असलेला कप्तान कायद्याच्या दृष्टीने मालकही असतो आणि नोकरही. नौकेवरील कर्मचाऱ्यांची मादक पदार्थांसाठी अचानक चाचणी घेण्याची व्यवस्था मालकाने करावी असा नियम असल्यामुळे हा मालक आपल्या एकमेव नोकराचे, म्हणजे स्वतःचे, नाव एखाद्या सामूहिक चाचणी-योजनेत घालतो, वार्षिक शुल्क भरतो, आणि एखाद्या सकाळी तुमच्या कर्मचाऱ्याची निवड झाली आहे असे पत्र त्याला मालक म्हणून मिळते. ते पत्र वाचून तो दचकतो, मग स्वतःला कळवतो, आणि नोकर म्हणून पुन्हा दचकतो. परवान्याची मुदत पाच वर्षांची असल्याने हे नाते तेवढ्या काळापुरते तरी टिकते.

यापेक्षा अवघड नाते सातव्या माणसाचे आहे. नौकेवर एकही भाड्याचा प्रवासी असला की सहाची मर्यादा केवळ पैसे देणाऱ्यांना लागू राहत नाही. फुकट आलेले पाहुणेही तीत मोजले जातात, मांडीवरचे तान्हे मूलसुद्धा एक पूर्ण प्रवासी धरले जाते. मालक, चालक आणि नौकेच्या कामासाठी पगार घेणारे खलाशी तेवढे या मोजणीतून सुटतात. त्यामुळे रविवारी सहा गिऱ्हाइके धक्क्यावर हजर असताना कप्तानाच्या पत्नीचा भाऊ टोपी घालून आणि सँडविच घेऊन आला, तर तो मोबदला नसलेला, निरुपद्रवी आणि सातवा प्रवासी ठरतो, आणि त्याने पाय आत टाकताच अनिरीक्षित नौकेचे रूपांतर निरीक्षण चुकवणाऱ्या नौकेत होते. मेहुण्यांची जात सहसा कायदा वाचून आलेली असते. नौकेच्या कागदावर बहिणीचेही नाव आहे, मालकाचा प्रतिनिधी प्रवाशांत मोजला जात नाही, सबब आपण बहिणीचे प्रतिनिधी म्हणून येत आहोत, असा मुद्दा तो मांडतो. बहीण स्वतः नौकेत बसलेली असताना तिला प्रतिनिधी कशाला, असा प्रतिवाद होतो. आणि भर धक्क्यावर गिऱ्हाइकांच्या देखत चाललेला हा वाद अखेर त्याला खलाशी म्हणून नेमून मिटवावा लागतो. खलाशी नेमायचा तर त्याला पगार द्यावा लागतो, आणि त्याआधी त्याची मादक पदार्थांची चाचणी करून अहवालाची वाट पाहावी लागते, म्हणजे तो रविवार त्याचा धक्क्यावरच जातो. पुढच्या रविवारी तो स्वतःच्या घामाचे पैसे ठरवून घेऊन, नवा कोरा कर्मचारी म्हणून, सर्वांच्या पुढे जाऊन बसतो, आणि नौका बंदराच्या तोंडाशी पोहोचते न पोहोचते तोच, सहाही भाड्याच्या प्रवाशांच्या आधी, त्याला बोट लागते.